गंगेच्या गाळाचे मापन : एका प्रश्नाचा इतिहास

१

नदी आपल्या खोऱ्यातील भूमी किती वेगाने झिजवते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. नदीच्या पाण्यात गाळाचे प्रमाण किती हे पाहावे, वर्षभरात किती पाणी वाहून गेले हे मोजावे, दोहोंचा गुणाकार करावा आणि येणाऱ्या राशीस खोऱ्याच्या क्षेत्रफळाने भागावे, म्हणजे झिजेचा वेग हाती आला, असे कोणासही वाटेल. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक अभ्यासकांची समजूत अशीच होती. परंतु पुढे ह्या गणितातील एकेका पदाविषयी शंका निघत गेल्या आणि प्रत्येक शंकेच्या निरसनासाठी मापनाची नवी रीत शोधावी लागली. ह्या क्रमाचा मागोवा गंगेच्या खोऱ्याच्या आधारे घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरण म्हणून गंगेचीच निवड करण्यास दोन कारणे आहेत. मोठ्या नद्यांच्या गाळाचे पद्धतशीर मापन जगात ज्या थोड्या ठिकाणी प्रथम झाले, त्यांत गंगेचा समावेश होतो. दुसरे असे की, गंगा आणि ब्रह्मपुत्रा ह्यांच्या गाळाने घडलेल्या त्रिभुज प्रदेशावर आज दहा कोटींहून अधिक लोकांची वस्ती आहे. ती भूमी टिकण्यासाठी दरवर्षी किती गाळ यावा लागतो, हा त्यांच्या दृष्टीने केवळ पांडित्याचा प्रश्न नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डोंगरउतारावरून माती व खडक सुटणे ही झीज. सुटलेले द्रव्य प्रवाहाबरोबर पुढे जाणे हे वहन. आणि वाटेत अथवा मुखाशी ते साचणे हा निक्षेप. नदीकाठी उभे राहून जे मोजता येते ते केवळ वहन होय. त्यावरून झिजेचे अनुमान करावयाचे, तर मधल्या निक्षेपाचा हिशेब लागला पाहिजे. गंगेच्या गाळाच्या मापनाचा इतिहास म्हणजे बव्हंशी हा भेद हळूहळू ध्यानात येत गेल्याचा इतिहास आहे.

२

गंगेच्या गाळाचा पहिला प्रसिद्ध उल्लेख मेजर जेम्स रेनेल ह्याचा आहे. इ. स. १७६४ ते १७७७ ह्या काळात त्याने बंगालची पाहणी केली आणि १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गंगा व ब्रह्मपुत्रा ह्या नद्यांवर निबंध सादर केला. भर पुरात घेतलेल्या गंगेच्या पाण्याच्या पेल्यात सुमारे चौथा हिस्सा चिखल असतो, असे त्याने त्यात नमूद केले. नद्यांचे पात्र कसे सरकते ह्याविषयीचे रेनेलचे निरीक्षण सूक्ष्म आहे. पण हे प्रमाण मात्र मापनाचे नसून अंदाजाचे आहे. पेल्याच्या तळाशी बसलेला ओला चिखल डोळ्यांना जेवढा दिसतो, तेवढे त्यातील कोरडे द्रव्य वजनात भरत नाही.

खरे मापन झाले ते गाझीपूर येथे. तेथील पाद्री रॉबर्ट एव्हरेस्ट ह्याने १८३१-३२ मध्ये वर्षाच्या तिन्ही ऋतूंत गंगेचा विसर्ग आणि पाण्यातील गाळ ह्यांचे मापन केले व ते १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. त्याचे आकडे असे : पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी विसर्ग दर सेकंदास ४,९४,२०८ घनफूट, हिवाळ्याच्या पाच महिन्यांत ७१,२०० आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ३६,३३० घनफूट. पावसाळ्यात पाण्याच्या वजनाचा ४२८ वा भाग गाळ होता. पाण्याहून गाळ दुप्पट जड धरल्यास आकारमानाने तो ८५६ वा भाग होतो. ह्या हिशेबाने पावसाळ्याच्या १२२ दिवसांत ६,०८,२०,४१,६०० घनफूट, आणि सबंध वर्षात ६,३६,८०,७७,४४० घनफूट गाळ गाझीपूरवरून पुढे गेला. रेनेलचा चौथा हिस्सा ह्यापुढे टिकला नाही.

ह्या आकड्यांतील दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. वर्षाच्या एकतृतीयांश काळात शेकडा ९५ हून अधिक गाळ वाहून गेला, हे एव्हरेस्टच्या मापनावरून प्रथमच अंकांनी सिद्ध झाले. मोसमी पावसाच्या प्रदेशात गाळाचे मापन म्हणजे मुख्यतः पुराचे मापन होय, हा धडा त्यातून मिळतो. जो पुरात मोजत नाही तो जवळजवळ काहीच मोजत नाही. दुसरी गोष्ट अशी की, एव्हरेस्टने केवळ निष्कर्ष न देता ऋतुवार विसर्ग आणि गाळाचे प्रमाण, दोन्ही छापली. त्यामुळे पुढील पिढ्यांस त्याचे गणित पुन्हा करून पाहता आले.

चार्ल्स लायेल ह्याने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ ह्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत हे आकडे घेतले आणि ते जगभर पोहोचविले. प्रत्येकी १४०० टन चिखल लादलेली सुमारे २००० जहाजे चार महिने रोज नदीतून खाली गेली, तरच गंगेच्या पावसाळी गाळाची बरोबरी होईल, असा दृष्टांत त्याने दिला. मंद परंतु अविरत कार्य करणाऱ्या शक्तींनी पृथ्वीचे रूप पालटते, हे त्याचे प्रतिपादन होते, आणि गाझीपूरचा आकडा हा त्याचा एक भक्कम पुरावा ठरला.

३

यानंतरचा टप्पा आर्चिबाल्ड गीकी ह्याचा. पृथ्वीच्या वयाविषयी त्या काळी मोठा वाद चालू होता. भूमीची झीज मुख्यतः समुद्राच्या लाटा करतात की पाऊस व नद्या करतात, हाही प्रश्न त्यात गुंतलेला होता. १८६८ मध्ये ग्लासगोच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात गीकीने निरनिराळ्या नद्यांच्या गाळास त्यांच्या खोऱ्यांच्या क्षेत्रफळाने भागून, एक फूट भूमी झिजण्यास किती वर्षे लागतात ह्याचा तक्ता मांडला. मिसिसिपीच्या खोऱ्यास ६००० वर्षे, ऱ्होनच्या खोऱ्यास १५२८, पो नदीच्या खोऱ्यास ७२९, आणि गंगेच्या खोऱ्यास २३५८ वर्षे. नद्या एकट्याच खंडेच्या खंडे सपाट करू शकतील, हा त्याचा निष्कर्ष त्या काळी क्रांतिकारक होता.

पण पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. गीकीच्या नंतरच्या पाठ्यग्रंथात गंगेचा आकडा २३५८ वरून ८२३ वर्षांवर आला. गाळाची रक्कम तीच, एव्हरेस्टची. बदलला तो केवळ भाजक. एव्हरेस्टने मोजलेला गाळ गाझीपूरच्या वरील प्रदेशातून आलेला होता. घागरा, शोण, गंडक आणि कोसी ह्या मोठ्या उपनद्या गंगेस गाझीपूरच्या खाली मिळतात. तेव्हा गंगेचे सबंध खोरे भाजक म्हणून घेणे युक्त नव्हते. वरच्या खोऱ्याचे १,४३,००० चौरस मैल क्षेत्र घेताच झिजेचा वेग जवळजवळ तिप्पट झाला. नदीत एक कणही वाढला नव्हता. मापन कोठे केले हे आकड्याबरोबर सांगितले नाही, तर तो आकडा निरर्थक होतो, हे ह्याहून स्पष्टपणे कोणते उदाहरण दाखवील?

दुसरी शंका खोलीविषयी होती. अमेरिकेत हंफ्रीज आणि ॲबट ह्या लष्करी अभियंत्यांनी १८६१ मध्ये मिसिसिपीवरील आपला प्रचंड अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी पाण्याचे नमुने केवळ पृष्ठभागावरून न घेता मध्यावरून व तळाजवळूनही घेण्यात आले. दरसाल ८१,२५० कोटी पौंड गाळ पाण्यात तरंगत समुद्रास मिळतो, आणि त्याखेरीज सुमारे ७५ कोटी घनफूट वाळू तळावरून ढकलली जाते, असा त्यांचा अंदाज होता. तरंगणारा गाळ आणि तळगाळ हा भेद तेव्हापासून रूढ झाला. तळगाळ मोजणे अतिशय कठीण असते, आणि मोठ्या नद्यांत तो आजही बहुधा अनुमानानेच धरला जातो.

तळाजवळ गाळ अधिक आणि भरड का असतो, ह्याची गणिती उपपत्ती हंटर राउस ह्याने १९३७ मध्ये दिली. प्रवाहातील भोवरे कणांस वर उचलतात आणि कणांचे वजन त्यांस खाली ओढते; ह्या दोहोंच्या तोलावर खोलीनुसार गाळाचे वितरण ठरते. बारीक चिकणमाती सर्व खोलीवर जवळपास सारखी पसरते. वाळू मात्र तळाकडे दाट होत जाते. काठावरून बादलीने घेतलेल्या पाण्यात म्हणूनच नदीची माती दिसते, पण वाळू सहसा दिसत नाही.

४

विसाव्या शतकात नमुने घेण्याची उपकरणे सुधारली, मापनकेंद्रे वाढली आणि आकड्यांची संख्याही वाढली. त्यामुळे मतैक्य व्हावे अशी अपेक्षा होती, झाले उलटेच. होलमन ह्याने १९६८ मध्ये गंगेचा वार्षिक गाळ सु. १४५ कोटी टन दिला. कोलमन ह्याने १९६९ मध्ये तो सु. ४८ कोटी टन दिला. एका वर्षाच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या ह्या दोन अंदाजांत तिपटीचा फरक आहे. मिलिमन आणि मीड ह्यांनी १९८३ मध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेचा एकत्रित गाळ १६७ कोटी टन धरला. मिलिमन आणि सिव्हित्स्की ह्यांच्या १९९२ च्या निबंधात तो १०६ कोटी टनांवर आला. जगातील सर्व नद्यांचा गाळ मात्र त्याच दोन निबंधांत १,३५० कोटी टनांवरून २,००० कोटी टनांवर गेला, कारण लहान डोंगरी नद्यांचा वाटा पूर्वी फारच कमी धरला गेला होता.

बांगलादेशातील हार्डिंग पुलाजवळ एकविसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच संशोधकांनी भर पावसाळ्यात निरनिराळ्या खोलींवरून नमुने घेतले आणि ध्वनिलहरींनी प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या उपकरणाची जोड देऊन राउसच्या नियमाच्या साहाय्याने हिशेब मांडला. लुप्केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला हा आकडा सु. ३९ कोटी टन आहे आणि त्यात अधिक-उणे ३ कोटींची अनिश्चितता धरलेली आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. एव्हरेस्टचा वार्षिक गाळ आजच्या मापांत बदलल्यास तो सु. ३६ कोटी टन होतो. हार्डिंग पुलाच्या आकड्याशी त्याचे साम्य पाहून पाद्रीबोवांच्या अचूकपणाचे कौतुक करावेसे वाटते. परंतु हिमालयाचा विपुल गाळ आणणाऱ्या घागरा, गंडक व कोसी ह्या नद्या गाझीपुरास आलेल्याच नसतात. तेव्हा दोन आकडे जुळले, ह्यावरून दोन गोष्टी जुळल्या असे ठरत नाही. एका वर्षाचे मापन आणि अनेक वर्षांची सरासरी, वरचे खोरे आणि सबंध खोरे, ह्यांची तुलनाच मुळी समपातळीवरची नाही.

५

आतापर्यंतची चर्चा वहनाची झाली. निक्षेपाचे कोडे सुटल्यावाचून झीज कळावयाची नाही, हे वर म्हटलेच आहे. हिमालयातून उतरलेला गाळ समुद्रास मिळण्यापूर्वी शेकडो मैलांचे मैदान ओलांडतो. पुराबरोबर तो शेतांत पसरतो, जुन्या पात्रांत अडकतो, खचणाऱ्या भूमीत गाडला जातो. गुडब्रेड आणि क्यूल ह्यांनी १९९९ मध्ये गेल्या काही हजार वर्षांच्या निक्षेपांचा ताळेबंद मांडला. त्यावरून असे दिसते की, दोन्ही नद्यांच्या गाळापैकी स्थूलमानाने एकतृतीयांश पूरमैदानात व त्रिभुज प्रदेशात राहतो, एकतृतीयांश किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात साचतो आणि उरलेला तेथील खोल सागरी घळीतून पुढे बंगालच्या उपसागराच्या तळाशी जातो. त्याच संशोधकांनी २००० मध्ये दाखविले की, सुमारे ११,००० ते ७,००० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस जेव्हा आजच्याहून प्रबळ होता, तेव्हा ह्या नद्यांचा गाळ आजच्या दुपटीहून अधिक असला पाहिजे. शंभर-दीडशे वर्षांची मापने कितीही काळजीपूर्वक केली, तरी नदीच्या आयुष्यातील एक क्षणच त्यांत सापडतो.

मग हजारो वर्षांची सरासरी झीज थेट मोजता येईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. अवकाशातून पृथ्वीवर सतत विश्वकिरणांचा वर्षाव होत असतो. त्यांच्या आघाताने भूपृष्ठावरील गारेच्या म्हणजे क्वार्ट्‌झच्या कणांत बेरिलियम-१० हा किरणोत्सर्गी समस्थानिक अत्यल्प प्रमाणात निर्माण होतो. समुद्रसपाटीस एक ग्रॅम गारेमध्ये वर्षाला जेमतेम चार-पाच अणू तयार होतात; उंचीवर अधिक. खडकात साठ सेंटिमीटर खाली गेले की ही निर्मिती सुमारे एकतृतीयांशावर येते. जी भूमी सावकाश झिजते, तिच्यातील कण पृष्ठभागाजवळ दीर्घकाळ राहतात आणि त्यांत हे अणू पुष्कळ साठतात. जी वेगाने झिजते तिच्यात थोडे. नदीच्या पात्रातील मूठभर वाळू म्हणजे वरील सबंध प्रदेशाचा नमुना होय; तिच्यातील अणूंच्या संख्येवरून त्या प्रदेशाच्या झिजेचा सरासरी वेग काढता येतो.

ह्या शास्त्राच्या पायाभरणीत मुंबईचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात बर्नार्ड पीटर्स आणि देवेंद्र लाल ह्यांनी विश्वकिरणजन्य समस्थानिकांचा अभ्यास केला. १९६७ मध्ये त्या दोघांनी लिहिलेला विस्तृत लेख ह्या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. भूपृष्ठाच्या झिजेस ही कल्पना कशी लावावी, ह्याची मांडणी लाल ह्यांनी १९९१ मध्ये केली. मधल्या काळात कणत्वरकाच्या साहाय्याने मोजके अणू मोजण्याची रीत सिद्ध झाली होती. १९९५-९६ च्या सुमारास तीन स्वतंत्र संशोधकगटांनी नदीच्या वाळूवरून खोऱ्याची झीज मोजण्याची पद्धती प्रस्थापित केली. देवेंद्र लाल ह्यांचे जन्मस्थान वाराणसी. एव्हरेस्टचे गाझीपूर त्याच नदीवर थोडे खाली आहे.

ह्या पद्धतीने लुप्केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील वाळूची परीक्षा केली. हिमालयाची सरासरी झीज वर्षाला १.० ते १.३ मिलिमीटर, आणि तीवरून निघणारा गाळ सु. ६१ कोटी टन, अधिक-उणे २३ कोटी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वर्षाला एक मिलिमीटर झिजणाऱ्या भूमीस साठ सेंटिमीटर झिजण्यास ६०० वर्षे लागतात. म्हणून हा आकडा गेल्या काही शतकांची सरासरी दर्शवितो. हार्डिंग पुलाचे ३९ कोटी टन ह्या अनिश्चिततेच्या मर्यादेत, पण तिच्या अगदी खालच्या टोकाशी, बसतात. दोन्ही मापनांत विरोध नाही एवढेच त्यावरून म्हणता येते. मधला फरक मैदानात साचलेल्या गाळाचा किती आणि पद्धतीच्या उणिवेचा किती, हे निश्चित सांगता येत नाही. कडे कोसळून खोलवरचा खडक एकदम नदीत आला, तर त्यात बेरिलियमचे अणू जवळजवळ नसतात, आणि झीज आहे त्याहून जलद भासते.

ह्याहून दीर्घ काळाची नोंद बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे. तेथे हिमालयाच्या गाळाचा सुमारे ३००० किलोमीटर लांबीचा पंखा पसरलेला आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने त्यात छिद्रे घेतली. त्या वाळूतील बेरिलियमवरून २०२० मध्ये असे अनुमान प्रसिद्ध झाले की, गेल्या सुमारे ६० लक्ष वर्षांत हिमालयाच्या झिजेचा वेग हवामानाच्या मोठ्या बदलांतूनही साधारण स्थिर राहिला आहे. गुडब्रेड व क्यूल ह्यांच्या निष्कर्षाशी ह्याचा विरोध दिसतो. तो वास्तविक नाही. चार हजार वर्षांची भरती ही साठ लक्ष वर्षांच्या सरासरीत सहज लोपते. कोणत्या कालखंडाचा प्रश्न आपण विचारतो, त्यावर उत्तर अवलंबून असते.

६

अखेरची अडचण मनुष्यनिर्मित आहे. सिव्हित्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अंदाजानुसार, जंगलतोड व शेती ह्यांमुळे जगातील नद्यांत दरसाल २३० कोटी टन गाळ अधिक येतो. तरीही धरणांच्या जलाशयांत इतका गाळ अडकतो की, समुद्रास पोहोचणारा गाळ पूर्वीपेक्षा दरसाल १४० कोटी टनांनी कमी झाला आहे. म्हणजे डोंगरावरील झीज वाढली, आणि मुखाशी वहन मात्र घटले. केवळ मुखाशी मोजणाऱ्यास झीज कमी झाल्याचा भास होईल आणि निष्कर्ष सत्याच्या नेमका उलट निघेल.

गंगेवर फराक्का येथे १९७५ मध्ये बंधारा कार्यान्वित झाला. दक्षिणेत गोदावरीचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच सुमारास व पुढे ह्या खोऱ्यात अनेक धरणे झाली. मुखाजवळील धवळेश्वरम् येथे १९७० नंतरच्या दशकात तरंगणारा गाळ वर्षाला सु. १५ कोटी टन होता. १९९० नंतरच्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. त्र्यंबकेश्वरापासून निघणाऱ्या ह्या नदीच्या काठच्या लोकांचे पाणी आणि आंध्रच्या किनाऱ्यावरील लोकांची भूमी ह्यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

ह्या विवेचनातून निघणारे तात्पर्य थोडक्यात सांगता येईल. गाळाचा कोणताही आकडा स्थळ, कालखंड, खोली आणि क्षेत्र ह्या चार विशेषणांवाचून अपुरा असतो. जलाशयाचे आयुष्य ठरविणाऱ्या अभियंत्यास, किनाऱ्याची चिंता करणाऱ्या शासनास आणि पर्वताचा इतिहास शोधणाऱ्या भूवैज्ञानिकास निरनिराळे आकडे लागतात. एकाचा आकडा दुसऱ्याने उसना घेतला की प्रमाद घडतो.

आणखी एक गोष्ट ह्या इतिहासातून शिकण्यासारखी आहे. एव्हरेस्टचे मापन आज अपुरे ठरले, तरी ते निरुपयोगी झाले नाही. कारण विसर्ग, ऋतू, प्रमाण आणि स्थळ हे सर्व त्याने छापून ठेवले. त्यामुळेच लायेलला त्यातून दृष्टांत घेता आला, गीकीला भाजक बदलता आला, आणि आपल्यालाही त्याची फेरतपासणी करता येते. भारताच्या २०१८ च्या जलविषयक माहिती-धोरणात गंगा, ब्रह्मपुत्रा व सिंधू ह्या खोऱ्यांची माहिती सर्वांस खुली न ठेवता वर्गीकृत ठेवली गेली. त्यामागे आंतरराष्ट्रीय वाटाघाटींची कारणे असतील. परंतु शास्त्राच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी आहे. धरणे बांधण्यापूर्वी नदी किती गाळ नेत होती, हे नंतर कोणत्याही उपकरणाने मोजता यावयाचे नाही. ते त्या त्या वर्षी मोजलेले आणि छापलेले असले, तरच पुढच्या पिढीस उपलब्ध होईल.